जुन्या इस्टेटीवर निसर्गाचं काम: ब्रिटनमध्ये स्वयंसेवा सुरू करणाऱ्यांसाठी

ब्रिटनमध्ये राहायला आलेली मराठी माणसं पहिल्या वर्षातच एखादी जुनी इस्टेट बघून येतात. मोठं दगडी घर, समोर लांबवर उतरत गेलेली हिरवळ, खाली तळं आणि मधेमधे अजस्र ओक. तिकीट काढून आपण फिरतो, फोटो काढतो, परत येतो. त्याच आवारात आठवड्यातून एक दिवस करवत, दाताळं किंवा फावडं घेऊन काम करणारी माणसं असतात, पण ती सहसा घरामागच्या रानात, तळ्याच्या पलीकडे किंवा हरणांच्या कुरणात असतात आणि पाहुण्यांच्या वाटेवर दिसत नाहीत. त्यांच्यात सामील व्हायचं असेल तर काय करायचं, कुठल्या महिन्यात कोणतं काम असतं आणि कशाला हात लावायचा नाही, हे इथे सांगतो आहे. बागकामाचा किंवा प्राणीशास्त्राचा पूर्वानुभव लागत नाही.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट समजून घ्या

अशा इस्टेटीवरचा निसर्ग आपोआप टिकलेला नाही. शेकडो वर्षं माणसांनी एका विशिष्ट पद्धतीने ती जमीन वापरली, म्हणून तिथे अमुक भुंगेरे, अमुक अळंब्या आणि अमुक फुलपाखरं राहिली. हरणं पाळण्यासाठी कुंपण घातलेल्या जुन्या पार्कमध्ये झाडं दूर दूर असत आणि त्यांना भरपूर ऊन मिळे. बऱ्याच झाडांचा शेंडा गुरांचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर वारंवार छाटला जाई. याला पोलार्ड करणं म्हणतात. अशी झाडं फार जगतात, आतून पोकळ होतात, आणि त्या कुजक्या गाभ्यात असे कीटक राहतात ज्यांना दुसरीकडे कुठे जागाच नसते. हेरफर्डशरमधल्या मोकस पार्कमध्ये जुन्या ओकवर राहणारा एक चिमुकला भुंगेरा आहे. ब्रिटनमध्ये तो फक्त तिथेच सापडतो. डर्बीशरमधल्या कॅल्क अ‍ॅबीच्या पार्कातला एक ओक हजार वर्षांहून जुना मानला जातो.

घरासमोरच्या हिरवळीचंही तसंच आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या गवत कापून उचललं गेलं आणि खत कधी पडलं नाही, तिथे शरद ऋतूत लाल, पिवळ्या, केशरी वॅक्सकॅप अळंब्या उगवतात. बर्फघरं म्हणजे फ्रिज येण्याआधी हिवाळ्यातलं बर्फ साठवायला जमिनीत बांधलेल्या विटांच्या खोल्या. वापरातून गेल्यावर त्या वटवाघळांच्या हिवाळी झोपेसाठी उत्तम ठरल्या. थंड, ओलसर, अंधाऱ्या आणि कुणी न फिरकणाऱ्या.

म्हणून जुन्या इस्टेटीवर 'जंगल आहे, वाढू द्या' हा सल्लाही चालत नाही आणि 'वारसा आहे, झाडून-पुसून चकचकीत करा' हाही चालत नाही. जुन्या माळ्यांनी, लाकूडतोड्यांनी आणि गुराख्यांनी जे केलं त्यातलं योग्य ते पुढे चालू ठेवायचं, एवढं आपलं काम. हे डोक्यात पक्कं असलं की रेंजर, म्हणजे तिथल्या रानाची देखरेख करणारा कर्मचारी, एका झाडाची फांदी कापायला आणि शेजारच्या झाडाची वाळकी फांदी तशीच ठेवायला का सांगतो, ते कळू लागतं.

पहिली पायरी: जागा निवडा

सर्वांत मोठी संस्था म्हणजे नॅशनल ट्रस्ट. ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली या तिघांनी 1895 मध्ये ती स्थापन केली. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या जागा तिच्याकडे आहेत. स्कॉटलंडसाठी 1931 पासून वेगळी संस्था आहे, नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड. दोघांच्याही संकेतस्थळांवर स्वयंसेवकांच्या जागांची यादी असते आणि आपल्या पोस्टकोडजवळचं काम शोधता येतं.

नावाजलेल्या जागेचा हट्ट मात्र धरू नका. शहरांच्या कडेची कितीतरी सार्वजनिक उद्यानं ही पूर्वी कुणा उमरावाची इस्टेट होती. नंतर ती नगरपालिकेकडे आली, कधी घर पाडलं गेलं आणि पार्क उरला. अशा ठिकाणी बहुतेक वेळा 'फ्रेंड्स ऑफ...' नावाचा स्थानिक गट असतो. मला विचाराल तर नवख्याने सुरुवात तिथूनच करावी. गट लहान असतो, महिन्यातून एखाद्या रविवारी काम असतं, कागदपत्रं कमी लागतात आणि बसने जाता येतं. मोठ्या इस्टेटींवरचे रेंजरचे गट बऱ्याचदा मधल्या वारी काम करतात, त्यामुळे नोकरी करणाऱ्याला ते जमवणं अवघड जातं. शिवाय त्यातल्या पुष्कळ जागांवर गाडीशिवाय पोचता येत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे काउंटीची वाइल्डलाइफ ट्रस्ट, किंवा टीसीव्ही (द कॉन्झर्व्हेशन व्हॉलंटियर्स) ही संस्था. टीसीव्हीची सुरुवात 1959 मध्ये कॉन्झर्व्हेशन कॉर्प्स या नावाने झाली. त्यांचं पहिलं काम सरेमधल्या बॉक्स हिलवर होतं. खडूच्या मातीच्या गवताळ उतारावर माजलेली झुडपं त्यांनी काढली. आजही अनेक गटांचं हिवाळ्यातलं मुख्य काम नेमकं हेच असतं.

अर्ज करण्याआधी त्या जागी एकदा साधं फिरून या. ऐतिहासिक बागा आणि पार्क यांची इंग्लंडमध्ये 1983 पासून अधिकृत नोंदवही आहे. तुमची जागा तिच्यात असेल तर तिचा थोडक्यात इतिहास तिथे वाचायला मिळतो: तळं कुणी खणलं, झाडांच्या रांगा कधीच्या, भिंत कुठे होती. जाण्याआधी वाचलेली ती दोन पानं पहिल्या दिवशी फार उपयोगी पडतात.

दुसरी पायरी: व्हिसा आणि कागदपत्रं

हे आधीच बघून घ्या. स्टुडंट व्हिसावर असाल तर दोन प्रकारांत फरक आहे. अधूनमधून, कराराशिवाय, आपल्या मर्जीने केलेली मदत ही स्वयंसेवा. ठरलेले तास, बांधिलकीचा करार आणि पगारी माणसाच्या जागचं काम असेल, तर पैसे मिळोत वा न मिळोत, ते काम धरलं जातं आणि तुमच्या तासांच्या मर्यादेत मोजलं जातं. पदवी स्तरावरच्या विद्यार्थ्यांना ही मर्यादा सत्राच्या काळात आठवड्याला 20 तास असते. बहुतेक निसर्गगटांचं काम पहिल्या प्रकारात बसतं, तरी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात आधी विचारून घ्या आणि उत्तर ईमेलने मिळवा.

आई-वडील भेटीला आले आहेत आणि त्यांनाही यायचं आहे, असं बऱ्याच घरांत होतं. व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण 30 दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, पण येण्याचं मुख्य कारण ते नसावं. गुडघे कुरकुरत असतील तर बिया निवडणं, रोपवाटिकेत कुंड्या भरणं, पक्षी मोजणं अशी बसून करायची कामंही असतात. आधी सांगितलं तर गट आनंदाने सोय करतो.

नोंदणीच्या अर्जात आजार, ॲलर्जी, घरच्या माणसाचा फोन हे विचारतात. दम्याची किंवा मधमाशीच्या डंखाची गोष्ट लपवू नका. शाळेच्या मुलांसोबत काम करायचं असेल तर डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी, लागते. स्वयंसेवकांसाठी ती निःशुल्क असते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते तपासा आणि शंका असेल तर जीपीला (आपल्या स्थानिक डॉक्टरला) विचारा. प्रवासखर्च देतात का, हे विचारायला संकोच करू नका. अनेक संस्था देतात.

तिसरी पायरी: कपडे आणि पिशवी

जीन्स घालून जाऊ नका. भिजलेलं सुती कापड वाळत नाही आणि तासाभरात अंग गार पडतं. एकावर एक पातळ थर, वर पाणी न झिरपणारं जाकीट, घोट्याच्या वर येणारे मजबूत बूट. उन्हाळ्यातही लांब बाह्या आणि लांब पँट, कारण गवतात गोचीड असतात आणि ब्रॅम्बल या रानटी काटेरी झुडपाचे काटे सुती शर्टातूनही ओरखडतात. फिक्या रंगाच्या कपड्यावर गोचीड लवकर दिसते. हातमोजे, हेल्मेट, गॉगल संस्था देते. जेवणाचा डबा, पाणी, थर्मास आणि स्वतःचा मग तुम्ही न्यायचा. रानात दुकान नसतं आणि कधी कधी स्वच्छतागृहही नसतं, ते आधीच विचारून ठेवा.

बूट स्वच्छ धुऊन वाळवून जा आणि येतानाही तसेच करा. झाडांच्या मुळांचे रोग चिखलातून एका रानातून दुसऱ्या रानात जातात आणि तळ्यातल्या आगंतुक वनस्पतीचा बोटभर तुकडाही पुरतो. इथे 'तपासा, धुवा, वाळवा' अशी मोहीमच आहे. मला ती सगळ्या नियमांत महत्त्वाची वाटते, कारण तो चुकला तर आपण मदतीला जाऊन आजार पोचवून येतो.

चौथी पायरी: पहिला दिवस

सकाळी सगळे हजेरी लावतात. मग रेंजर किंवा गटप्रमुख आजचं काम, त्यातले धोके, प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, फोनला रेंज आहे का, हे सांगतो. त्यानंतर अवजारांची ओळख होते. हे बोलणं ऐकून घ्या, जरी तुमच्या घरी शेती असली तरी. इथली अवजारं वेगळी आहेत. बिलहुक हा टोकाला वाकलेल्या पात्याचा कोयता, लॉपर म्हणजे लांब दांड्यांची फांद्या कापायची कात्री, बो-सॉ म्हणजे कमानीत ताणून बसवलेली करवत. चालताना पातं खाली आणि अंगापासून दूर. काम करताना दोन माणसांमध्ये हात आणि अवजार मिळून होईल त्याच्या दुप्पट अंतर ठेवा. बिलहुक चालवताना अवजाराच्या हातात मोजा नको, म्हणजे तो निसटत नाही. फांदी धरणाऱ्या हातात मात्र हवा.

चेनसॉला स्वयंसेवकाने हात लावायचा नाही. त्यासाठी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. चालू असेल तिथून दूर थांबायचं.

एक सामाजिक गोष्ट. गटात साठी-सत्तरीची माणसं बरीच असतात आणि सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. आपल्याला वडीलधाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारायला जीभ वळत नाही. पण तिथे 'सर' म्हटलंत तर समोरचाच अवघडतो. नावानेच बोला. मान द्यायचा असेल तर जड ओंडका उचलायला आधी पुढे व्हा, तो मान सगळ्यांना कळतो. चहाची सुट्टी चुकवू नका. या इस्टेटीच्या कोणत्या कोपऱ्यात घुबड बसतं, कुठल्या वर्षी वादळात कोणतं बीचचं झाड पडलं, हे तिथेच कळतं.

थकलात तर सांगा. उंचीवर चढायला, पाण्यात उतरायला नको वाटलं तर 'हे मला नको' म्हणा. कुणी वाईट वाटून घेत नाही.

पाचवी पायरी: ऋतूप्रमाणे काम ओळखा

इथलं सगळं काम पंचांगाने चालतं, आणि त्याचं पहिलं कारण पक्षी. घरटं बांधलेलं किंवा वापरात असताना ते मुद्दाम मोडणं 1981 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. म्हणून साधारण 1 मार्च ते 31 ऑगस्ट या काळात हेज आणि झुडपं कापायचं टाळतात.

त्यामुळे जोमाचं काम हिवाळ्यात असतं, आणि सुरुवात करायला मला हिवाळाच आवडतो. अंग गरम राहतं आणि दिवसअखेर काय झालं ते डोळ्यांना दिसतं. हेज म्हणजे शेताच्या कडेची जिवंत झाडांची कुंपणं. ती वाढत गेली की खालून विरळ होतात आणि मेंढ्या पार होतात. मग ती 'ले' करतात. हॉथॉर्न किंवा हेझलचा बुंधा जमिनीलगत तिरका असा कापायचा की तो जवळजवळ तुटतो, पण साल आणि थोडं ओलं लाकूड शिल्लक राहतं. मग तो आडवा झुकवायचा. उतार असेल तर चढाच्या दिशेने. साधारण 45 सेंटीमीटरवर खुंट ठोकायचे आणि वरून हेझलच्या लवचीक काठ्या विणायच्या. उरलेल्या पट्टीतून रस वाहत राहतो, आडवं झाड जगतं आणि कापल्या जागेतून वसंतात सरळ धुमारे फुटतात. प्रत्येक भागाची पद्धत वेगळी आहे, गुरं राखायची की मेंढ्या यावर ती ठरली. पहिल्यांदा बुंधा तुटेल या भीतीने हात आखडतो. तेव्हा शेजारी जुना माणूस उभा राहू द्या आणि त्याच्या कापाचा कोन बघा.

कॉपिसिंग हेही हिवाळ्यातलंच. हेझल बुंध्याशी कापली की मरत नाही, नव्या काठ्या देते. सात ते दहा वर्षांनी तोच तुकडा पुन्हा कापायचा, आणि दर वर्षी रानाचा वेगळा तुकडा. ऊन जमिनीपर्यंत आलं की प्रिमरोझ, व्हायलेट, ब्लूबेल फुलतात, आणि त्यांच्यामागे फुलपाखरं येतात. हरणं मात्र कोवळे धुमारे खाऊन टाकतात, म्हणून कापलेल्या फांद्यांचीच दाट भिंत रचून तुकडा वेढतात. फांद्यांचे ढीग पेटवण्याआधी ते हलवून पाहायचे, कारण त्यात हेजहॉग (काट्यांचा छोटा प्राणी) झोपलेला असू शकतो. शक्य तिथे ढीग न पेटवता तसेच राहू देतात.

इस्टेटींचं खास दुखणं म्हणजे रोडोडेंड्रॉन पॉन्टिकम. अठराव्या शतकात शोभेसाठी आणि पुढे शिकारीच्या पक्ष्यांना आडोसा म्हणून ते लावलं गेलं. आता त्याच्या गर्द सावलीत खाली काहीच उगवत नाही, आणि झाडं मारणारा एक रोग त्याच्या पानांवर वाढून पसरतो. जांभळी फुलं दिसायला सुंदर असतात, म्हणून ते तोडताना पाहुणे कळवळून विचारतात. त्यांना शांतपणे कारण सांगणं हाही कामाचा भाग.

वसंतात करवती ठेवायच्या. नव्या रोपांचे आधार सैल-घट्ट करणं, वाटा दुरुस्त करणं, मोजणीची सुरुवात. फार काही अवघड नाही.

उन्हाळ्यातलं पहिलं काम ओढ्याकाठी, हिमालयन बाल्सम उपटणं. ही आपल्या तेरड्याच्याच कुळातली, पण माणसाहून उंच वाढणारी वनस्पती. 1839 मध्ये ती बागेसाठी ब्रिटनमध्ये आणली गेली. तिची शेंग हात लागताच फुटते आणि बी सात मीटरपर्यंत उडतं, मग पाण्यातून खाली जातं. म्हणून फुलं आली तरी शेंग धरायच्या आत, जून-जुलैत, उपटायचं, आणि ओढ्याच्या वरच्या अंगाकडून खाली यायचं. मुळं उथळ असतात, मुलंही उपटू शकतात. खालून धरून ओढा, मधे तुटली तर पुन्हा फुटते. खोडाचा खालचा भाग मोडून ढिगावर टाका.

मग येतं कुरण. इंग्लंड आणि वेल्समधली 97 टक्के फुलांची कुरणं 1930 नंतरच्या अर्धशतकात गेली. इस्टेटींवर जी उरली किंवा परत करायचा प्रयत्न चालू आहे, त्यांचं गणित उलटं आहे: माती जितकी निकस, तितकी फुलं जास्त. बी पडल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये गवत कापतात, काही दिवस तसंच पडू देतात म्हणजे उरलेलं बी झडतं, आणि मग सगळं गोळा करून बाहेर नेतात. तिथे राहू दिलं तर कुजून खत होतं आणि दांडगं गवत फुलांना दाबतं. दाताळ्याने गवत ओढायचं हे काम कंटाळवाणं आहे, पाठ धरते, आणि कुरणासाठी याहून मोलाचं काम नाही. शरदात यलो रॅटलचं बी पेरतात. ही वार्षिक वनस्पती गवताच्या मुळांतून अन्न शोषते आणि गवताचा जोर मोडते. बी ताजंच हवं, आणि त्याला हिवाळ्याची थंडी मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. आधी दाताळ्याने खरवडून निम्मी जमीन उघडी करून घ्यायची.

शरद ते हिवाळ्याच्या सुरुवातीला तळ्यांचं काम होतं. एकदम सगळं तळं साफ करत नाहीत, थोडा भाग घेतात. काढलेली शेवाळं आणि वेली काठावर दिवसभर तरी पसरून ठेवतात, म्हणजे आत अडकलेले कीटक आणि गोगलगायी पाण्यात परततात. ग्रेट क्रेस्टेड न्यूट हा पालीसारखा दिसणारा संरक्षित उभयचर असलेल्या तळ्यात परवानाधारक माणसाशिवाय काही करायचं नाही. पाण्यातल्या कामानंतर जेवणाआधी हात साबणाने धुवा आणि हातावरची जखम आधीच झाकून घ्या. उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस इथेही आहे.

सहावी पायरी: ज्याला हात लावायचा नाही ते ओळखा

जायंट हॉगवीड: एकोणिसाव्या शतकात शोभेला आणलेली, छत्रीसारख्या पांढऱ्या फुलांची, तीन मीटरहून उंच जाणारी. तिचा चीक कातडीवर पडून ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात. दिसली की दूर व्हा आणि रेंजरला सांगा. जपानी नॉटवीड उपटू नका, मुळाच्या छोट्या तुकड्यातून ती पुन्हा उभी राहते आणि तिच्या कचऱ्याची विल्हेवाट कायद्याने बांधलेली आहे.

वटवाघळं. ब्रिटनमधल्या सर्व जाती संरक्षित आहेत, त्यांचं बिऱ्हाड रिकामं असलं तरी ते मोडणं गुन्हा ठरतो. जुन्या भिंतीची भेग, बर्फघराचं दार, पोकळ फांदी, यांत डोकावून टॉर्च मारू नका.

पडलेलं लाकूड. वाळका ओंडका 'आवरायला' सगळ्यांचे हात शिवशिवतात. तो तिथेच राहू द्या. जुन्या झाडाखाली गाडी लावणं, फांद्यांचा ढीग रचणं, अवजारांची ने-आण करणंही नको, कारण दबलेल्या मातीत मुळं गुदमरतात. अशा झाडाभोवती खोडाच्या व्यासाच्या 15 पट अंतर मोकळं ठेवायचा दंडक आहे. मात्र रोगट अ‍ॅशखाली थांबू नका. 2012 मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्यांदा आढळलेल्या डायबॅक या बुरशीच्या रोगाने ही झाडं ठिसूळ होतात आणि फांद्या न सांगता पडतात.

जमीन. पार्कमधल्या गवताखाली मध्ययुगीन नांगरटीच्या उंच-सखल पट्ट्या दिसतात, तिरप्या उन्हात तर स्पष्ट. पुढे तिथे कधी नांगर फिरला नाही म्हणूनच त्या राहिल्या. सांगितल्याशिवाय खड्डा खणू नका. नाणं किंवा खापर सापडलं तर जागेवरून न हलवता प्रमुखाला बोलवा. भिंतीवरची आयव्हीची वेल ओढून काढू नका, तिच्यासोबत जुना चुना निघून येतो.

आणि घरी गेल्यावर स्वतःचं अंग तपासा: गुडघ्यामागे, काखेत, कमरेला, मुलांच्या केसांत. गोचीड असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा. तेल लावू नका, काडीने चटका देऊ नका. पुढच्या काही आठवड्यांत गोल पसरणारा चट्टा किंवा फ्लूसारखा ताप आला तर जीपीला गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा, गोचिडीमुळे होणारा लाइम आजार वेळेत औषधाने बरा होतो. आपल्या सावळ्या कातडीवर हा चट्टा लाल दिसेलच असं नाही, त्यामुळे रंगाऐवजी आकार वाढतो आहे का ते पाहा.

सातवी पायरी: मोजायला शिका

ज्यांना ओझी उचलणं शक्य नाही, त्यांच्यासाठी आणि इतर सर्वांसाठीही, हे काम तितकंच खरं आहे. त्याची परंपराही इस्टेटीवरचीच आहे. नॉरफकमधल्या स्ट्रॅटन स्ट्रॉलेस इथल्या आपल्या इस्टेटीवर रॉबर्ट मार्शम यांनी 1736 पासून पहिलं फूल, पहिलं पान, पहिली भिंगरी यांच्या तारखा लिहायला सुरुवात केली. त्यांच्या घराण्याने त्या 1958 पर्यंत लिहिल्या. वसंत किती लवकर येऊ लागला हे आज सांगता येतं, त्यात या वह्यांचा मोठा वाटा आहे.

नवख्याने फुलपाखरांपासून सुरुवात करावी. 1976 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय योजनेत ठरलेल्या वाटेने एप्रिल ते सप्टेंबर दर आठवड्याला सावकाश चालायचं आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्या चौकटीत दिसतील तेवढीच मोजायची. तापमान 13 अंशांखाली असेल किंवा पाऊस असेल तर जायचं नाही. 13 ते 17 अंशांत बऱ्यापैकी ऊन हवं. पक्ष्यांसाठी जानेवारीच्या अखेरीला बिग गार्डन बर्डवॉच असतो, 1979 पासून. एक तास बसून मोजायचं, घरच्या बागेत किंवा पार्कमध्ये. सरावाला उत्तम.

नोंदीत चार गोष्टी हव्यात: काय, कुठे, कधी, कुणी पाहिलं. 'कुठे'साठी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरच्या जागेचा अक्षर-आकड्यांचा पत्ता, लिहायला शिका, फोनवरचं ॲप तो दाखवतं. ओळख पटली नसेल तर अंदाजाने जात लिहू नका, फोटो जोडा. आणि काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा. शून्य न लिहिल्यामुळे पुढच्या माणसाला कळतच नाही की त्या दिवशी कुणी पाहायला गेलं होतं.

पुढे जायचं असेल तर

दोन-तीन ऋतू एकाच जागी काढा. जागा बदलत राहिलात तर हेज कशी फुटली, कुरणात यलो रॅटल आलं का, हे दिसत नाही आणि शिकणं अर्धवट राहतं. त्यानंतर रेंजरला प्रशिक्षणाबद्दल विचारा. प्रथमोपचार, ब्रशकटर (झुडपं कापायचं यंत्र) चालवणं, कीटकांची ओळख, डॉरमाउस या उंदरासारख्या छोट्या संरक्षित प्राण्यासाठी लावलेल्या पेट्या तपासणाऱ्या परवानाधारकासोबत शिकाऊ म्हणून जाणं, हे सगळं बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवकांसाठी खुलं असतं. या क्षेत्रात नोकरी करायची असेल तर कोणत्या दिवशी काय केलं, कोणती अवजारं वापरली, कोणत्या जाती ओळखता येतात, याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. रेंजरच्या जागेसाठी मुलाखत घेणारे पदवीइतकंच हेही विचारतात. आणि यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा: अवजारं, गाडीतल्या जागा आणि तुकड्या माणसांच्या संख्येवर ठरलेल्या असतात.